धोतरा, बाणांचं विष आणि नायट्रोजनचा चौथा हात

पोटात मुरडा येऊन कळा सुटल्या की आम्ही डॉक्टर ज्या गोळ्या लिहून देतो, त्यांत एक नाव नेहमीचं आहे: हायोसिन ब्युटिलब्रोमाइड. बुस्कोपान या नावानं ती अनेकांच्या घरी असते. हल्ली औषधाचं नाव मोबाइलवर शोधून पाहणारे रुग्ण बरेच आहेत. त्यांतले काहीजण घाबरून विचारतात, "डॉक्टर, हायोसिन म्हणजे धोतऱ्यातलं विष ना? मग ते पोटदुखीला कसं देता?"

प्रश्न अगदी रास्त आहे. धोतऱ्याच्या बियांत हायोसिन असतं, ॲट्रोपिनही असतं. बिया पोटात गेल्या की तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, छाती धडधडते, लघवी अडते. आणि माणूस बरळायला लागतो. नसलेल्या वस्तू हवेत पकडतो, घरच्यांना ओळखत नाही. प्रवाशांना खाण्यातून धोतरा देऊन लुटण्याचे प्रकार आपल्याकडे फार जुने आहेत. लुटारूंना हवा असायचा तो हाच मेंदूवरचा परिणाम.

पोटदुखीची ती गोळी घेऊन मात्र कोणी बरळत नाही. आतड्याचा पेटका सुटतो आणि माणूस कामाला लागतो. हायोसिन आणि गोळीतलं औषध यांत फरक काय, तर हायोसिनच्या रेणूतल्या नायट्रोजनला चार कार्बनची एक शेपटी जोडली आहे. एवढ्याशा जोडणीनं विषाचा मेंदूपर्यंतचा रस्ता बंद झाला. ही जोडणी माणसाला कधी जमली आणि तिनं वैद्यकात काय काय घडवलं, ते आज पाहू या. रसायनशास्त्र थोडं लागेल, पण शाळेत नावडता असलेल्यांनीही पळून जाऊ नये, इतकंच लागेल.

तीन हात आणि एक राखीव

नायट्रोजनच्या अणूला तीन हात आहेत असं समजा. अमोनियात या तिन्ही हातांनी तीन हायड्रोजन धरलेले असतात. हायड्रोजन सोडून त्या जागी कार्बनचे गट धरले, की तयार होणाऱ्या पदार्थांना अमाइन म्हणतात. मॉर्फिन, निकोटिन, क्विनीन, ॲट्रोपिन ही वनस्पतींतली कडू, जहाल द्रव्यं याच गोतावळ्यातली.

नायट्रोजनकडे आणखी एक गोष्ट असते, इलेक्ट्रॉनची एक राखीव जोडी. तिच्या जोरावर तो चौथा हात पुढे करू शकतो. एरवी या हातानं तो आजूबाजूच्या पाण्यातून हायड्रोजनचा धनभारित कण उचलतो आणि पुन्हा सोडतोही. टोपी घातली, टोपी काढली, असं सतत चालू असतं. टोपी डोक्यावर असते तेव्हा रेणूवर धन विद्युतभार असतो, काढली की नसतो.

पण या चौथ्या हातात हायड्रोजनऐवजी कार्बनचा गट दिला तर? मग तो सुटत नाही. टोपी डोक्याला शिवूनच टाकली म्हणा. त्या रेणूवर विद्युतभार कायमचा बसतो. कार्बनचा गट जोडण्याच्या या क्रियेला अल्किलीकरण म्हणतात आणि चारही हात भरलेल्या या पदार्थांना चतुर्थक अमोनियम क्षार. दवाखान्यात आम्ही सरळ क्वाटर्नरी म्हणतो.

हे पायरीपायरीनं करून दाखवलं ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांनी. गीसन गावचे हे जर्मन रसायनतज्ज्ञ लीबिगचे विद्यार्थी. १८४५ पासून ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीचे प्रमुख होते. पॅरिसमध्ये वुर्ट्झ यांनी १८४९ मध्ये पहिली साधी अमाइनं ओळखली होतीच. हॉफमननी १८५०-५१ च्या सुमारास अमोनियावर एथिल आयोडाइडसारख्या पदार्थांची क्रिया केली आणि एकेक हायड्रोजन काढून त्या जागी एकेक एथिल गट बसवत नेला. तिसरा बसला, आणि मग चौथाही! तयार झालेला टेट्राएथिल अमोनियमचा क्षार स्वच्छ स्फटिकांचा होता. त्यापासून मिळणारा अल्कली कॉस्टिक सोड्याइतकाच जहाल निघाला. पुढे १८९० मध्ये रशियन रसायनतज्ज्ञ मेन्शुट्किन यांनी ही क्रिया निरनिराळ्या द्रावकांत करून पाहिली. द्रावक बदलला की वेग प्रचंड बदलतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. या क्रियेला आजही त्यांचंच नाव आहे.

इथे एक खुलासा करतो. मिथाइल आयोडाइडसारखी अल्किलीकरण करणारी रसायनं स्वतः फार धोकादायक असतात, कारण ती शरीरातल्या कुठल्याही रेणूला गट चिकटवू शकतात, डीएनएलासुद्धा. कॅन्सरवरच्या काही औषधांचं कामच ते आहे. कारखान्यात जोडणी पूर्ण झाल्यावर जो क्षार उरतो तो मात्र असा चिकटत सुटत नाही. दोन्हींत गल्लत करू नये.

एडिंबरो, १८६८

हॉफमनसाठी हा शुद्ध रसायनशास्त्राचा प्रश्न होता. शरीराशी त्याचं नातं जोडलं ते एडिंबरोतल्या दोन तरुणांनी. अलेक्झांडर क्रम ब्राउन हे रसायनशास्त्राकडे वळलेले डॉक्टर आणि टॉमस रिचर्ड फ्रेझर हे औषधशास्त्राचे अभ्यासक. दोघेही तिशीच्या आसपासचे किंवा आतलेच.

त्या काळी एखादं द्रव्य विषारी का, या प्रश्नाला "त्याचा तो गुणच आहे" यापलीकडे फारसं उत्तर नव्हतं. रेणूच्या रचनेचा आणि औषधाच्या परिणामाचा काही नियम असेल का, हे या दोघांना शोधायचं होतं. त्यांची युक्ती मला आजही फार आवडते. शंभर वेगवेगळी द्रव्यं तपासत बसण्यापेक्षा त्यांनी एकच द्रव्य घेतलं, त्यात एकच बदल केला आणि परिणाम काय बदलतो ते पाहिलं. बदल कोणता? हॉफमनचाच, नायट्रोजनला मिथाइल गट जोडण्याचा.

पहिलं द्रव्य होतं स्ट्रिक्नीन. कोकणातल्या वाचकांना काजऱ्याचं झाड माहीत असेल, आयुर्वेदात त्याला कुचला म्हणतात. त्याच्या बियांतलं हे विष. स्ट्रिक्नीननं मज्जारज्जूचा लगाम सुटतो, जराशा स्पर्शानं सगळं शरीर धनुष्यासारखं ताठ होऊन झटके येतात. क्रम ब्राउन आणि फ्रेझर यांनी स्ट्रिक्नीनला मिथाइल गट जोडला आणि तयार झालेला क्षार सशांना टोचला. नेहमीच्या जीवघेण्या मात्रेला काहीच झालं नाही. मात्रा खूप वाढवली तेव्हा परिणाम दिसला, पण तो झटक्यांचा नव्हता. ससे लुळे पडले. स्नायू ताठण्याऐवजी ढिले झाले आणि शेवटी श्वास थांबला.

मग त्यांनी ब्रुसिन, थेबेन, कोडीन, मॉर्फिन, निकोटिन अशी एकेक द्रव्यं घेतली. मूळ द्रव्यांचे गुण अगदी वेगवेगळे, कुणी झटके आणणारं, कुणी झोप आणणारं. मिथाइल जोडल्यावर मात्र त्यांतली बहुतेक एकाच वळणावर गेली: मेंदू-मज्जारज्जूवरचा मूळ परिणाम ओसरला आणि स्नायूंना लुळं करण्याचा गुण आला. १८६८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. रेणूची रचना बदलली की औषधाचा गुण ठरावीक दिशेनं बदलतो, हे इतक्या स्पष्टपणे प्रथमच दिसलं होतं. आज नवं औषध घडवताना पहिल्या दिवसापासून जो विचार केला जातो, त्याचं मूळ या सशांच्या प्रयोगात आहे.

यातले फ्रेझर पुढे आपल्याकडेही येऊन गेले. १८९८ मध्ये सरकारनं नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाचे ते अध्यक्ष होते. पुण्यात रँडच्या खुनाला तेव्हा वर्ष उलटून गेलेलं. आयोगानं मुंबई-पुण्यासह देशभर फिरून साक्षी नोंदवल्या आणि हाफकिनच्या प्लेगच्या लशीचा उपयोग होतो, पण संरक्षण पूर्ण नाही, असा निर्वाळा दिला. आपल्या इतिहासात आयोगाचा उल्लेख येतो, अध्यक्षांच्या सशांचा येत नाही.

काजऱ्याचे अमेरिकेतले भाऊबंद

लुळं पडून श्वास थांबणं, हे लक्षण युरोपातल्या डॉक्टरांच्या ओळखीचं होतं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीसाठी बाणांना लावतात ते क्युरारे नावाचं विष अगदी असंच वागतं. १८१४ मध्ये इंग्लंडात चार्ल्स वॉटरटन यांनी एका गाढवीला क्युरारे टोचून, तिच्या श्वासनलिकेत भात्यानं हवा भरत राहून तिला जगवून दाखवलं होतं. विष उतरल्यावर ती उठून उभी राहिली आणि पुढे पंचवीसेक वर्षं जगली. पुढे फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी दाखवलं की क्युरारे मज्जातंतूला मारत नाही, स्नायूलाही मारत नाही. दोघांच्या सांध्यावर निरोप अडवतं.

गंमत म्हणजे गयानाकडचं क्युरारे ज्या वेलीपासून करतात ती काजऱ्याच्याच प्रजातीतली. दुसऱ्या एका प्रकारचं क्युरारे येतं ते आपल्या गुळवेलीच्या कुळातल्या वेलीपासून. (गुळवेलीचा काढा घेणाऱ्यांनी दचकू नये, कुळ एक म्हणून गुण एक होत नाही.) रसायनं वेगळी करता आली तेव्हा कळलं की क्युरारेतल्या मुख्य द्रव्यांत चारही हात भरलेला नायट्रोजन आधीपासूनच आहे. एडिंबरोत बाटलीत केलेली जोडणी या वेली जंगलात करत होत्या.

क्युरारेनं मारलेल्या प्राण्याचं मांस शिकारी खुशाल खात असत, त्याचंही उत्तर यातच आहे. आपल्या आतड्याच्या पेशींवर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं. विद्युतभार असलेला रेणू पाण्यात रमतो, तेला-तुपात नाही. त्यामुळे तो आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही. बाणानं थेट रक्तात गेला तर मारतो, जेवणातून गेला तर तसाच बाहेर पडतो.

आपलं शरीरही असे रेणू वापरतं. मज्जातंतूकडून स्नायूकडे निरोप नेणारं ॲसिटिलकोलीन हे स्वतः एक क्वाटर्नरी आहे. ते ज्या कोलीनपासून बनतं तेही क्वाटर्नरीच. अंड्याच्या बलकात ते भरपूर असतं, आणि थोडंफार आपलं यकृतही करतं, नायट्रोजनवर एकामागून एक तीन मिथाइल गट चढवून. हॉफमनच्या काचेच्या नळीतली क्रिया यकृतात शरीराच्या तापमानाला, चूपचाप होते. ॲसिटिलकोलीनसाठी स्नायूवर जे कुलूप असतं, त्यात क्युरारेचा भारित नायट्रोजन किल्लीसारखा शिरतो आणि अडकून बसतो. खरी किल्ली मग आत जात नाही.

शुद्ध हरपली नव्हती

२३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये भूल दिलेल्या तरुणाला क्युरारेचा शुद्ध केलेला अर्क टोचला. पोटाचे स्नायू पिठाच्या गोळ्यासारखे मऊ झाले. तोवर सर्जनला पोट ढिलं हवं असलं तर भुलीचं औषध धोक्याच्या पातळीपर्यंत वाढवावं लागायचं. आता हलकी भूल पुरू लागली.

पण एक भयंकर गैरसमज होता. क्युरारे दिलेला माणूस निपचित पडतो, हाक मारली तर उत्तर देत नाही. त्यावरून काही डॉक्टरांचा समज झाला होता की क्युरारेनं शुद्धही जाते. तसं असेल तर वेगळी भूल कशाला? आणि तसं नसेल तर? टेबलावरच्या माणसाला सगळं कळतंय, सगळं दुखतंय, पण पापणीही हलवता येत नाही!

याचा निकाल लावायला अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ स्वतः टेबलावर झोपले. सहकाऱ्यांनी त्यांना क्युरारेतलं मुख्य द्रव्य टोचलं, श्वास थांबायला लागते त्याच्या अडीच पट मात्रेपर्यंत. कृत्रिम श्वास चालू होता. औषध उतरल्यावर स्मिथनी त्या वेळात काय काय बोललं गेलं, काय काय केलं गेलं, ते सगळं सांगितलं. शुद्ध क्षणभरही गेली नव्हती, वेदना जराही कमी झाली नव्हती. १९४७ मध्ये हा अहवाल छापून आला आणि वाद संपला.

कारण तेच. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की मधल्या फटीतून काही निसटत नाही. आत जायचं तर पेशीच्या स्निग्ध आवरणातून, आणि तिथे कायमचा भार असलेल्या रेणूला मज्जाव. ऑपरेशनच्या आधी रुग्ण विचारतात, "भूल आणि स्नायू ढिले करायचं इंजेक्शन वेगळं का?" त्याचं उत्तर हे आहे. एक मेंदूत जातं, दुसरं जाऊ शकत नाही. म्हणून दोन्ही लागतात, आणि म्हणूनच भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ रुग्णाच्या उशाशी थांबतात.

क्युरारेचं गुपित कळल्यावर रसायनतज्ज्ञ दोन भारित नायट्रोजन असलेली सोपी साखळी स्वतःच बनवू लागले. लंडनमध्ये पॅटन आणि झाइमिस यांनी १९४८ मध्ये दाखवलं की दोन टोकांमध्ये दहा कार्बन ठेवले तर स्नायू लुळे पडतात, सहाच ठेवले तर स्नायूंना काही होत नाही, पण रक्तदाब खाली येतो. सहा कार्बनचं हे हेक्झामेथोनियम म्हणजे अतितीव्र रक्तदाबावर खरोखर परिणाम करणारं सुरुवातीचं औषध. त्याआधी असा रुग्ण महिन्यांच्या हिशेबानं जगायचा. त्रास मात्र फार: उभं राहिलं की चक्कर, तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, दृष्टी धूसर. तोंडानं घेतलं तर आतड्यातून शोषलं जायचं ते आज एवढं, उद्या तेवढं. आज सकाळी एक छोटी गोळी घेऊन विसरून जाणाऱ्या माझ्या रुग्णांना हे मी मुद्दाम सांगतो, विशेषतः ज्यांना तीही गोळी बंद करायची असते त्यांना.

स्कोलीन आणि रक्ताचं नातं

याच घराण्यातलं एक औषध आजही ऑपरेशन थिएटरात असतं: सक्सामेथोनियम. आपल्याकडच्या थिएटरात त्याला स्कोलीन म्हणतात. ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू पाठीला पाठ लावून जोडावेत तशी त्याची रचना. अमेरिकेत हंट आणि टॅव्हो यांनी ते १९०६ मध्येच तपासलं होतं. पण त्यांना रक्तदाबावरचा परिणाम पाहायचा होता, म्हणून प्राण्यांना आधीच क्युरारे देऊन ठेवलेलं. लुळ्या प्राण्याला हे औषध पुन्हा लुळं करतं, हे दिसणार कसं? तो गुण १९४९ मध्ये रोममध्ये डॅनियल बोव्हे यांच्या नजरेस आला. बोव्हेंना १९५७ मध्ये नोबेल मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता.

स्कोलीन मिनिटभरात स्नायू ढिले करतं आणि काही मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम ते झपाट्यानं तोडतं. श्वासनलिकेत घाईनं नळी घालायची असते तेव्हा याइतकं सोयीचं दुसरं औषध बराच काळ नव्हतं. पण वापर वाढला तसे मधूनच असे रुग्ण दिसू लागले, ज्यांचा श्वास तास-दोन तास परत येत नव्हता. टोरांटोत व्हर्नर कालो यांनी १९५० च्या दशकात दाखवलं की या माणसांत ते एन्झाइम जन्मतःच सदोष असतं आणि हा दोष आई-वडिलांकडून येतो. एरवी त्यांना आयुष्यात कसलाही त्रास नसतो. स्कोलीन टोचेपर्यंत पत्ताच लागत नाही.

हे तुम्हाला एवढं का सांगतोय? कारण हा दोष भारतात एका समाजात इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो, असं अभ्यासात दिसलं आहे: आंध्र, तेलंगण, तमिळनाडू भागातला आर्य वैश्य समाज. त्यांच्यातला विशिष्ट जनुकीय बदलही २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सापडला. पिढ्यानपिढ्या समाजातच लग्नं झाली की असा बदल टिकून राहतो. यात त्या समाजाचं उणं काहीच नाही, कुठल्या ना कुठल्या जनुकाबाबत प्रत्येक समाजाची अशी गोष्ट असते. मराठवाड्यात आणि विदर्भाच्या तेलंगण सीमेलगत या समाजाची कितीतरी कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहतात.

तेव्हा ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ विचारतात, "घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?" तेव्हा नुसतं "नाही" म्हणून मोकळे होऊ नका. मामा, मावशी, आत्या, चुलतभाऊ यांपैकी कुणाला ऑपरेशननंतर बराच वेळ व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं होतं का, ते घरी विचारून या. रक्ताची तपासणी करता येते. दुसरी औषधं आहेत. आणि नकळत स्कोलीन दिलं गेलंच, तरी कृत्रिम श्वास आणि झोपेचं औषध चालू ठेवलं की ते आपोआप उतरतं. आधी माहीत असलं तर थिएटरबाहेर बसलेल्या नातेवाइकांचे ते दोन तास वाचतात.

पुन्हा धोतऱ्याकडे

दम्यासाठी धोतऱ्याच्या पानांची धुरी घेण्याची आपल्याकडची रीत १८०२ च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनमध्ये पोचली आणि पुढे शंभरावर वर्षं युरोपात दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. गुण यायचा, कारण ॲट्रोपिननं श्वासनळ्या सैल होतात. पण धुरातून ते रक्तात आणि मेंदूतही जायचं. मात्रा चुकली की भ्रम.

क्रम ब्राउन आणि फ्रेझर यांनी ॲट्रोपिनलाही मिथाइल जोडून पाहिलं होतं. त्याच वाटेनं पुढे, १९७० च्या दशकात, इप्राट्रोपियम आलं. ॲट्रोपिनचाच सांगाडा, नायट्रोजनचे चारही हात भरलेले. पंपातून किंवा नेब्युलायझरच्या वाफेतून ते श्वासनळ्यांत पोचतं, तिथून रक्तात फारच थोडं जातं आणि मेंदूत जवळजवळ नाहीच. धूम्रपानानं किंवा चुलीच्या धुरानं छाती खराब झालेल्यांना दिलं जाणारं टायोट्रोपियम त्याचंच धाकटं भावंड. "पंपाची सवय लागेल, डोक्यावर परिणाम होईल" असं म्हणून पंप कपाटात ठेवणारे आजी-आजोबा मला दर आठवड्याला भेटतात. डोक्यावर परिणाम करणारं धोतऱ्याचं औषध खरंच होतं, ते धुरीचं. पंपातलं औषध त्या वाटेवर जाऊ नये म्हणूनच तसं घडवलं आहे.

मेंदूत जात नाही म्हणजे निर्धोक, असं मात्र नाही. नेब्युलायझरचा मास्क सैल असला की वाफ डोळ्यांत जाते आणि काचबिंदूच्या काही रुग्णांत डोळ्याचा दाब वाढतो. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. बुस्कोपानबाबतही हेच दोन आजार डॉक्टरांना आधी सांगावेत. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून जे साधं, शेपटी न जोडलेलं हायोसिन देतात, ते वेगळं. त्याला मेंदूत जावंच लागतं, म्हणून त्यानं गुंगी येते आणि वयस्कर माणसं कधीकधी गोंधळतात. नावातला "ब्युटिल" हा शब्द म्हणून महत्त्वाचा.

फवारणीचं विष

या घराण्यातले साबणी गुणाचे सदस्यही आहेत. नायट्रोजनच्या एका हातात कार्बनची लांबलचक शेपटी दिली की तो रेणू जंतूच्या आवरणात घुसून ते फाडतो. बेन्झाल्कोनियम क्लोराइडचा हा गुण १९३५ मध्ये डोमाक यांनी पुढे आणला. फरशी पुसायच्या कितीतरी द्रावणांत ते असतं, आणि सॅव्हलॉनमधलं सेट्रिमाइड त्याचाच सोयरा. नेहमीचा साबण ऋणभारित असल्यानं त्याचं काम मारतो. म्हणून साबणाचा फेस तसाच ठेवून वर हे द्रावण ओतू नये, मध्ये साध्या पाण्यानं धुवावं.

राहिलं ते आपल्या ग्रामीण भागात सगळ्यात जास्त माणसांच्या जिवाशी येणारं. फवारणीची ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं ॲसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम बंद पाडतात. तोंडातून फेस, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायूंची फडफड. यावर दोन औषधं देतात. एक ॲट्रोपिन, तेच धोतऱ्यातलं, बिनशेपटीचं. ते मेंदूतही पोचतं आणि इथे ते पोचायलाच हवं असतं. दुसरं पॅम, म्हणजे प्रॅलिडॉक्सिम. न्यूयॉर्कमध्ये विल्सन आणि गिन्सबर्ग यांनी १९५५ मध्ये ते पुढे आणलं. पिरिडिन वलयाच्या नायट्रोजनला मिथाइल जोडून मुद्दाम भार दिलेला, कारण बंद पडलेल्या एन्झाइमच्या ज्या खाचेत शिरायचं, ती भारित नायट्रोजनसाठीच बनलेली आहे. त्याच भारामुळे ते मेंदूत मात्र नीट पोचत नाही.

कागदावर ते अचूक औषध आहे. प्रत्यक्षात? बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेली चाचणी २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. सुरुवातीच्या मोठ्या मात्रेनंतर पॅम सतत सलाइनमधून देत राहिलं, तर ते अधूनमधून देण्यापेक्षा रुग्ण जास्त वाचतात, असं तिच्यात दिसलं. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांचं काम जगभर वाचलं गेलं, याचा मला अजून आनंद वाटतो. २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत मात्र पॅमचा फायदा दिसला नाही. विष कोणतं, किती वेळानं रुग्ण आला, यावर बरंच अवलंबून असावं, असं माझं मत. पॅमबद्दल मतं वेगळी असली तरी ॲट्रोपिन आणि श्वासाची काळजी यांबद्दल कुणाचं दुमत नाही.

अशा रुग्णाला घेऊन निघताना फवारणीच्या औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत घ्या, अंगावरचे भिजलेले कपडे काढा, हातात हातमोजे किंवा निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून त्याचं अंग साबण-पाण्यानं धुवा. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. आणि वाटेत थांबू नका.